पाटीवरचा क्रमांक

गेल्या लेखात आपण खाटा असलेल्या रुग्णालयांच्या नोंदणीविषयी बोललो: १९४९चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा, २०२१ मध्ये सुधारलेले त्याचे नियम, दर्शनी भागात लावायची रुग्णहक्कांची सनद. सोयगाव तालुक्यापुरता सगळ्यात मोठा प्रश्न मात्र त्यात आलाच नाही. इथलं बहुतेक दुखणं खाटेपर्यंत जातच नाही. कापूस वेचून आलेल्या बाईचं अंग फणफणलेलं असतं, दुसऱ्या दिवशीची मजुरी बुडवायची नसते, मग ती जवळच्या एका खोलीच्या दवाखान्यात जाते, एक सुई टोचून घेते, तीन दिवसांच्या गोळ्या बांधून घेते आणि घरी येते. अशा बिनखाटांच्या दवाखान्याला तो कायदा लागू होत नाही. केंद्र सरकारने २०१० साली लहानमोठ्या सगळ्याच आरोग्य आस्थापनांसाठी कायदा केला, पण महाराष्ट्राने तो स्वीकारलेला नाही. म्हणजे आरोग्यसेवा देणारी जागा म्हणून त्या खोलीची सरकारदरबारी नोंद नाही. नोंद असते ती फक्त आत बसणाऱ्या माणसाची.

म्हणून आजचा लेख त्या एका नोंदीवर आहे. पाटीवर डॉक्टरांच्या नावाखाली बारीक अक्षरांत लिहिलेला, कुणीच न वाचलेला जो क्रमांक असतो, तो डॉक्टरांचा मान वाढवण्यासाठी नाही. तो पेशंटसाठी आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. पदवी आणि नोंदणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पदवी विद्यापीठ देतं. व्यवसाय करण्याची परवानगी मात्र राज्याच्या परिषदेच्या नोंदवहीत नाव चढल्यावरच मिळते, आणि तिथून नाव काढलं गेलं की पदवी भिंतीवर तशीच टांगलेली असली तरी परवानगी संपते. महाराष्ट्रात अशा तीन मुख्य नोंदवह्या आहेत. एमबीबीएस आणि त्यापुढच्या डॉक्टरांची नोंद महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे, १९६५च्या कायद्याखाली. आयुर्वेद आणि युनानीची महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे, १९६१च्या कायद्याखाली. होमिओपॅथीची तिसऱ्या परिषदेकडे. दंतवैद्य, नर्स, फार्मासिस्ट यांच्या परिषदा निराळ्या. फिजिओथेरपिस्ट, लॅब टेक्निशियन वगैरेंसाठी तर केंद्राचा कायदा झाला तोच २०२१ मध्ये.

क्रमांकाची ठेवणही बोलकी असते. एमबीबीएस डॉक्टरांच्या चिठ्ठीवर साधारण '२०१४/०६/' आणि पुढे काही आकडे असं काहीतरी दिसेल. पहिला आकडा नोंदणीचं वर्ष, दुसरा महिना. जुन्या डॉक्टरांचे क्रमांक नुसते सलग आकड्यांचे असतात. आयुर्वेदाच्या डॉक्टरांचा क्रमांक बहुधा 'आय' या इंग्रजी अक्षराने सुरू होतो, मध्ये आकडे आणि शेवटी 'ए'. चिठ्ठी हातात घेऊन एवढं पाहिलं तरी समोरचे डॉक्टर कोणत्या शास्त्राचे, हे कळायला सुरुवात होते. तिथून पुढे परिषदेच्या संकेतस्थळावर नाव किंवा क्रमांक टाकून पडताळता येतं. वैद्यकीय परिषदेने अलीकडे क्यूआर कोडचीही सोय केली आहे. घरात शाळेत जाणारं पोर आणि मोबाईल असेल तर हे पाच मिनिटांचं काम आहे.

हा क्रमांक दवाखान्यात दर्शनी लावणं आणि प्रत्येक चिठ्ठीवर, दाखल्यावर आणि पैशाच्या पावतीवर छापणं हे आधुनिक वैद्यकाच्या डॉक्टरांवर बंधनकारक आहे. तसं २००२ च्या आचारसंहितेत लिहिलेलं आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२३ साली नवी आचारसंहिता आणली होती, पण महिना उलटायच्या आत ती स्थगित केली, त्यामुळे जुनीच चालू आहे. कोऱ्या कागदाच्या चिठोऱ्यावर किंवा औषध कंपनीच्या फुकट पॅडवर नाव-क्रमांकाशिवाय लिहून दिलेली औषधं घेऊन आपण दुकानात जातो आणि दुकानदारही ती देतो. पुढे काही बिघडलं तर ती औषधं कुणी लिहून दिली, हे त्या कागदावरून सिद्ध करता येत नाही.

सोयगावच्या बाबतीत या नोंदणीचा इतिहास जरा निराळा आहे. आपला तालुका अजिंठ्याच्या डोंगराखाली. इथला माणूस बाजारहाटाला, लग्नकार्याला आणि दवाखान्यालाही शेंदुर्णी, पाचोरा, जामनेर, जळगावकडे जास्त जातो, कारण जिल्ह्याचं गाव घाट चढून शंभरेक किलोमीटरवर आहे. अगदी गंभीर झालं तरच तिथल्या 'घाटी' रुग्णालयात नेतात. पण स्वातंत्र्यापूर्वी याच वाटेवर दोन राज्यांची हद्द होती. पाचोरा-जामनेर इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात, पूर्व खानदेशात. सोयगाव निजामाच्या राज्यात. मुंबई इलाख्याने १९१२ मध्ये वैद्यकीय कायदा करून पाश्चात्त्य वैद्यकातल्या पदवीधरांची नोंदवही सुरू केली. देशातला हा अशा स्वरूपाचा पहिला कायदा. मग १९३८ मध्ये वैद्य आणि हकिमांसाठी वेगळा कायदा केला. त्यात एक समजूतदार तरतूद होती: शिक्षण नसलं तरी आधीपासून नियमित व्यवसाय करणाऱ्यांची स्वतंत्र यादी करायची, म्हणजे खेडी एका रात्रीत वैद्याविना राहणार नाहीत. हे दोन्ही कायदे डोंगराखालच्या या पट्ट्यात हद्दीपर्यंत येऊन थांबत. रोगी रोज ती हद्द ओलांडत होते, कायदा ओलांडत नव्हता.

१९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आलं, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. मुंबईचे, विदर्भाचे, मराठवाड्याचे असे वेगवेगळे कायदे तेव्हा चालू होते. ते एकत्र करण्याचं काम १९६१ आणि १९६५च्या कायद्यांनी केलं. म्हणजे सोयगावात आणि पाचोऱ्यात डॉक्टरांना एकच नियम लागू झाला, त्याला अजून पाऊणशे वर्षंही झालेली नाहीत.

१९६१च्या कायद्यातलं ३३ वं कलम लक्षात ठेवण्यासारखं आहे. कायदा आयुर्वेद-युनानीचा असला तरी हे कलम सगळ्यांना लागू आहे. कोणत्याही मान्य नोंदवहीत नाव नसलेल्या माणसाने राज्यात कोणत्याही पद्धतीचा वैद्यकीय व्यवसाय करायचा नाही. केला तर पहिल्या गुन्ह्याला किमान २ आणि कमाल ५ वर्षं सक्तमजुरी, शिवाय दंड. बोगस डॉक्टरवर गुन्हा दाखल झाल्याची बातमी आपण वाचतो, तेव्हा बहुतेक वेळा हेच कलम लावलेलं असतं. केंद्राच्या २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यातही अशी शिक्षा आहे: १ वर्षापर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

पाट्यांवरच्या काही अक्षरांविषयी सावध राहायला हवं. 'आर.एम.पी.' ही पदवी नाही. नोंदवहीत नाव असलेला वैद्यक एवढाच त्याचा अर्थ, त्यामुळे पुढे क्रमांक नसेल तर त्या तीन अक्षरांना काही किंमत नाही. इलेक्ट्रोपॅथी किंवा इलेक्ट्रोहोमिओपॅथी ही मान्यताप्राप्त पद्धत नाही. अशा पद्धतींच्या पदव्या देऊ नयेत आणि त्यांच्या लोकांनी डॉक्टर म्हणवून घेऊ नये, असं केंद्राने २००३ मध्येच कळवलेलं आहे. 'वैद्यविशारद' आणि 'आयुर्वेदरत्न' या प्रयागच्या हिंदी साहित्य संमेलनाच्या परीक्षांना एके काळी मान्यता होती, पण ती १९६७ पर्यंतचीच. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये तसा स्पष्ट निकाल दिला. १९६७ मध्ये विशीत असलेला माणूस आज ऐंशीच्या घरात असणार. पस्तिशीतल्या डॉक्टरच्या पाटीवर हे शब्द दिसले तर दुसरा पुरावा मागायची गरज नाही.

खरा गुंता इथे सुरू होतो. नाव नोंदवहीत आहे, पण नोंदवही एका शास्त्राची आणि औषध दुसऱ्या शास्त्राचं. मुंबईतलं एक प्रकरण या बाबतीत देशभर दाखला म्हणून दिलं जातं. जुलै १९९२ मध्ये प्रमोद वर्मा यांना ताप आला. नोंदणीकृत होमिओपॅथने त्यांना आधी विषाणूजन्य तापाची आणि मग वस्तीत विषमज्वर पसरला आहे म्हणून विषमज्वराची अॅलोपॅथीची औषधं दिली. निदान पक्कं करणाऱ्या तपासण्या केल्या नाहीत. प्रकृती ढासळत गेली, आधी शुश्रूषागृहात आणि मग मोठ्या रुग्णालयात हलवलं, पण ते वाचले नाहीत. त्यांच्या पत्नी पूनम वर्मा न्यायासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या. १९९६ च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की ज्या पद्धतीचं ज्ञान नाही त्या पद्धतीने उपचार करणारा, नोंदणी असली तरी त्या पद्धतीपुरता भोंदूच. ३ लाखांची भरपाई देण्याचा आदेश झाला. एका साध्या तापापासून सुरू झालेली ही गोष्ट आहे आणि तसा ताप दर पावसाळ्यात आपल्या प्रत्येक गावात असतो.

मग आपल्याकडचे बीएएमएस डॉक्टर अॅलोपॅथीच्या गोळ्या देतात ते बेकायदा आहे का? नाही. राज्याला तसा अधिकार देता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये मुख्तियार चंद प्रकरणात मान्य केलं आहे, आणि महाराष्ट्राने १९६१च्या कायद्याच्या २५व्या कलमाखाली नोव्हेंबर १९९२ मध्ये अधिसूचना काढून, शिक्षणात जेवढं शिकवलं तेवढ्यापुरता तो दिला आहे. राज्यभरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत बीएएमएस वैद्यकीय अधिकारी आहेत. उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारीही प्रामुख्याने बीएएमएस असतात आणि सहा महिन्यांचं वेगळं प्रशिक्षण घेऊन येतात. होमिओपॅथीबाबत २०१४ मध्ये राज्याने कायदा दुरुस्त केला, एक वर्षाचा औषधशास्त्राचा अभ्यासक्रम केलेल्यांना आधुनिक औषधं वापरण्याची वाट मोकळी केली. इंडियन मेडिकल असोसिएशन त्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेली. २०२५ मध्ये अशा होमिओपॅथांची नोंद वैद्यकीय परिषदेकडे घ्यायचं ठरताच वाद पुन्हा भडकला आणि सप्टेंबरात डॉक्टरांनी राज्यभर एक दिवस काम बंद ठेवलं.

माझं मत असं की या भांडणात पेशंटच्या प्रश्नाला दोन्ही बाजूंनी दुय्यम स्थान दिलं. आपल्या तालुक्यातल्या सावळदबाऱ्याच्या माणसाला संघटनांच्या हक्कांशी देणंघेणं नाही. समोरचा डॉक्टर काय शिकला, कशाची परवानगी आहे आणि चुकला तर जाब कुणाकडे मागायचा, एवढं त्याला कळायला हवं. एकाच नावाची दोन नोंदवह्यांत नोंद करताना पाटीवर आणि चिठ्ठीवर ते ठळक मराठीत लिहिण्याची सक्ती केली असती, तर निम्मा संशय कमी झाला असता.

बोगस डॉक्टर शोधण्यासाठी जिल्हा आणि तालुका पातळीवर समित्या आहेत. त्यांत आरोग्य, महसूल, पंचायत समिती आणि पोलीस अशी सगळी खाती येतात. तक्रार तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी देता येते, पोच घ्यायला विसरू नये. पण नुसत्या धाडींनी हा प्रश्न सुटत नाही. जरंडी, बनोटी, सावळदबारा इथली प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि सोयगावचं ग्रामीण रुग्णालय यांच्यामधल्या वाड्या-तांड्यांवर रात्री अकराला पोराला आकडी आली तर घरचे माणूस शोधतात, नोंदवही नाही. तिथे मान्य डॉक्टर पोहोचवणं ही सरकारची जबाबदारी आहे, आणि ती पुरी होईपर्यंत उघड्या दाराचा बिननोंदणीचा माणूसच लोकांना आपला वाटत राहणार. त्याने लावलेलं सलाईन आणि टोचलेलं स्टेरॉईड तासाभरात बरं वाटायला लावतं, म्हणूनच ते जास्त धोक्याचं आहे. आराम पडतो आणि आजार आत वाढत राहतो.

नोंदणी असलेल्या डॉक्टरची तक्रार मात्र परिषदेकडे करता येते, आणि २००२ च्या संहितेप्रमाणे तिचा निकाल ६ महिन्यांत लागायला हवा. परिषद ताकीद देऊ शकते, नाव ठरावीक मुदतीसाठी किंवा कायमचं काढू शकते. पैशाची भरपाई परिषद देत नाही, त्यासाठी ग्राहक आयोग आहे. हा मार्ग सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच मोकळा केला. उपचाराची कागदपत्रं मागितली तर ७२ तासांत द्यावी लागतात, आणि कुठल्याही तक्रारीची सुरुवात या कागदांपासूनच होते.

नोंदणीचा अर्थ फौजदारी कायद्यातही बदलतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या १०६ व्या कलमात निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूला ५ वर्षांपर्यंत कैद आहे, पण वैद्यकीय उपचार करताना तो नोंदणीकृत डॉक्टरच्या हातून झाला तर कमाल २ वर्षं. ही सवलत केंद्राच्या २०१९ च्या कायद्याखालच्या नोंदवहीत नाव असलेल्यांनाच आहे, अशी व्याख्या कलमातच दिली आहे. म्हणजे शब्दशः वाचलं तर ती बीएएमएस किंवा बीएचएमएस डॉक्टरांपर्यंत पोहोचत नाही, मग त्यांनी दिलेलं औषध राज्याच्या परवानगीतलं का असेना. खेड्यातला बराचसा भार वाहणाऱ्या या डॉक्टरांनी ही व्याख्या आजच वाचून ठेवावी आणि आपल्या संघटनेमार्फत तिची स्पष्टता मागावी.

पुढच्या आठवड्यात औषध दुकान: काउंटरवर औषध देणारा माणूस फार्मासिस्ट आहे का, आणि १९४८चा कायदा त्याबद्दल काय सांगतो, ते पाहू. तोपर्यंत घरातल्या जुन्या चिठ्ठ्या काढून ठेवा. कुणाच्या चिठ्ठीवर क्रमांक आहे आणि कुणाच्या नाही, ते त्यातून दिसेल.