जुन्या रेडिओंतील कंडेन्सर

माळ्यावरचा वडिलांच्या वेळचा रेडिओ खालीं काढून धूळ झटकली, कीं लगेच कळ फिरवून पाहण्याची इच्छा होते. हा मोह आवरावा, हेंच मला आज सांगावयाचें आहे.

व्हॉल्व्हच्या रेडिओंत विजेचा भार सांठविणारे अनेक कंडेन्सर असतात. आज त्यांस कपॅसिटर म्हणतात. मूळचे भाग तसेच राखावे असें वाटणें स्वाभाविक आहे. परंतु सर्व कंडेन्सर सारखे म्हातारे होत नाहींत. अभ्रकाचे बहुधा पन्नास-साठ वर्षांनंतरहि चांगले निघतात. कागदाचे मात्र बाहेरून धड दिसले तरी विश्वासास पात्र नसतात. धातूच्या पातळ पट्ट्यांमध्यें मेणांत भिजविलेला कागद घालून ते गुंडाळलेले असतात. कालांतरानें कागद ओल शोषतो आणि वीज अडविण्याऐवजीं झिरपूं देतो. दिसतें तसें नसतें, म्हणून जग फसतें!

ही झिरप किती घातक? ‘सिक्स-व्ही-सिक्स’ हा १९३६ सालीं निघालेला व्हॉल्व्ह कर्ण्यास शक्ति पुरवितो. २५० व्होल्टांवर काम करतांना त्याची ग्रिड नांवाची जाळी कॅथोडपेक्षां १२.५ व्होल्टांनीं ऋण असावी लागते. तिला जोडलेल्या कंडेन्सरांतून अवघा १० मायक्रोअँपिअर प्रवाह झिरपून ५ लाख ओहमच्या रोधकांतून गेला, तर जाळीवर ५ व्होल्टांचा धन दाब चढतो. लगाम सैल होतो. व्हॉल्व्ह अधिक प्रवाह ओढून तापतो आणि प्रसंगीं ट्रान्सफॉर्मरहि जळतो. कंडेन्सर थोडक्या रुपयांत मिळतो. तसा ट्रान्सफॉर्मर सहजीं मिळत नाहीं.

इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरांत ॲल्युमिनियमवरील ऑक्साइडचा सूक्ष्म थर वीज अडवितो. दीर्घकाळ वापर नसल्यास तो क्षीण होतो. मध्यें रोधक घालून दाब हळूहळू वाढविल्यास तो कधीं कधीं पुन्हा जमतो. परंतु आंतील द्रव वाळला असल्यास इलाज नाहीं.

मग जुन्याचें करावें काय? त्याचें कवच वापरावें. हातमोजे घालून, मोकळ्या हवेंत, कागदी कंडेन्सरची नळी किंचित् ऊन करून गाभा काढावा. आंत तितक्याच धारणशक्तीचा आणि तितक्याच किंवा अधिक व्होल्टांचा नवा कंडेन्सर बसवून टोकें मेणानें बंद करावीं. रूप जुनें राहतें, काम नवा करतो.

शेवटीं एक इशारा. प्लग काढल्यावरहि मोठ्या कंडेन्सरांत भार शिल्लक राहूं शकतो. तो रोधकाच्या वाटेनें उतरवून, मीटरनें खात्री केल्याविना आंत हात घालूं नये. एवढें पथ्य पाळलें, तर वडिलांचा रेडिओ घरास धोका न होतां पुन्हा बोलूं लागेल.