आधी जखमा मोजल्या, मग चिलखत शिवलं! बॉम्बर विमानातल्या जवानांना वाचवणाऱ्या जाकिटाची गोष्ट

बुलेटप्रूफ जाकीट म्हटलं की आपल्याला पोलीस आणि जवान आठवतात. पण दुसऱ्या महायुद्धात अशा जाकिटाची सर्वात जास्त गरज पडली ती आकाशात.

१९४२ साली अमेरिकेचं आठवं हवाई दल इंग्लंडमध्ये उतरलं. तिथून बी-१७ बॉम्बर विमानं शत्रूच्या मुलखावर जायची. एका विमानात साधारण १० जण. खालून जर्मन तोफा मारा करायच्या. गोळा हवेतच फुटायचा, त्याच्या किरचा विमानाचा पातळ पत्रा फोडून थेट माणसाच्या अंगात शिरायच्या.

डॉक्टरांनी काय शोधलं?
या दलाचे मुख्य वैद्यकीय अधिकारी कर्नल माल्कम ग्रो यांनी जखमींच्या नोंदी तपासल्या. सुमारे ७० टक्के जखमा कमी वेगाच्या तुकड्यांमुळे झालेल्या निघाल्या. म्हणजे प्रत्येक गोळी अडवायची गरजच नव्हती. हे तुकडे अडले तरी बरेच जीव वाचणार होते.

जाकीट कसं होतं?
लंडनच्या विल्किन्सन सोर्ड या तलवारी बनवणाऱ्या कंपनीने ते तयार केलं. जाड कापडात मँगनीज पोलादाच्या २ इंची चौकोनी पट्ट्या शिवल्या. घरावरची कौलं जशी एकमेकांवर चढवतात, तशाच. त्यामुळे फट राहत नाही आणि अंगही वाकवता येतं. या पोलादाची खासियत अशी की मार बसला की ते आणखी कठीण होतं.

मग अडचण कुठे होती?
वजनात! पूर्ण जाकीट जवळपास ९ किलोचं. पायलटच्या पाठीमागे आधीच पोलादी पत्रा असायचा, म्हणून त्याला फक्त पुढचा भाग दिला. उभ्याने बंदूक चालवणाऱ्यांना मात्र पुढून-मागून दोन्हीकडे संरक्षण. विमान पेटलं तर उडी मारायला वेळ लागू नये, म्हणून एक पट्टी ओढली की जाकीट गळून पडायचं.

मार्च १९४३ मध्ये प्रत्यक्ष मोहिमेवर त्याची चाचणी सुरू झाली. उपयोग दिसल्यावर मागणी वाढली आणि अमेरिकेतही उत्पादन सुरू झालं. मारा खालून येतो म्हणून काही जवान तर जाकीट अंगात न घालता बुडाखाली घेऊन बसायचे!

पुढे पोलादाऐवजी नायलॉन, सिरॅमिक असे हलके पर्याय आले. पण प्रश्न आजही तोच आहे: जीव वाचेल इतकं मजबूत आणि माणूस अंगावर ठेवेल इतकं हलकं चिलखत कसं बनवायचं?