कोकणातलं संशोधन आणि तुमचा धंदा: एका काजू बीचं गणित



मागच्या बॅचमध्ये धायरीच्या एका ताईंनी प्रश्न विचारला. त्यांना काजू प्रक्रियेचं छोटं युनिट टाकायचं होतं. साठवलेले चार लाख रुपये हातात होते. "सर, दोन जण काजू बी द्यायला तयार आहेत. एकाचा भाव किलोमागे दहा रुपयांनी जास्त आहे. मग स्वस्तवाल्याकडूनच घेऊ ना?"

मी विचारलं, "बी केवढी आहे?" ते त्यांनी बघितलंच नव्हतं.

व्हिडिओमध्ये हे गणित जरा घाईत झालं, म्हणून इथे सावकाश मांडतो. याचं उत्तर दापोलीच्या कृषी विद्यापीठाने कधीच देऊन ठेवलंय. आपण ते वाचत नाही, एवढंच.

विद्यापीठ आपल्याला काय देतं?

डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाची स्थापना १८ मे १९७२ रोजी झाली. मुख्यालय दापोलीला आणि संशोधन केंद्रं कोकणभर. त्यातलं वेंगुर्ल्याचं केंद्र काजू आणि आंब्यासाठी प्रसिद्ध आहे.

तिथून बाहेर पडणारं काम ढोबळमानाने तीन प्रकारचं असतं. पहिलं म्हणजे वाण: भात, आंबा, काजू, कोकम, नारळ यांच्या सुधारित जाती. दुसरं तंत्र. उदाहरणार्थ, हापूस वर्षाआड फळतो, तो दरवर्षी फळावा म्हणून पॅक्लोब्युट्राझोल वापरायची शिफारस. तिसरं यंत्रं आणि प्रक्रियेच्या पद्धती.

आता बघा, प्रत्येक वाणासोबत काही आकडे दिलेले असतात. शेतकरी त्यात झाडामागचं उत्पन्न बघतो. प्रक्रिया करणाऱ्याने दुसरे दोन आकडे बघायचे: एका बीचं वजन आणि बीमागे निघणारा गर.

आकड्याचा भाव कसा काढायचा?

वेंगुर्ला-१ या वाणाची बी सरासरी ६.२ ग्रॅमची. गर साधारण ३१ टक्के. म्हणजे एका बीतून सुमारे १.९ ग्रॅम गर.

वेंगुर्ला-७ हे वाण १९९७ मध्ये आलं. त्याची बी सुमारे १० ग्रॅमची. गर साधारण ३० टक्के. म्हणजे एका बीतून ३ ग्रॅम.

किलोमागे गर दोन्हीकडे जवळपास सारखाच, तीनशे ग्रॅमच्या आसपास. मग फरक कुठे पडला? ग्रेडमध्ये!

काजूच्या पाकिटावर डब्ल्यू-१८०, डब्ल्यू-२४०, डब्ल्यू-३२० असं लिहिलेलं असतं. तो आकडा म्हणजे एका पौंडात, म्हणजे ४५४ ग्रॅममध्ये, किती अख्खे काजू बसतात ते. आकडा जितका लहान, तितका काजू मोठा आणि भाव जास्त. आता भागाकार करा. ४५४ भागिले १.९ म्हणजे जवळपास २४०. ४५४ भागिले ३ म्हणजे सुमारे १५०. गर वाळवून साल काढल्यावर वजन थोडं घटतं, त्यामुळे हे आकडे आणखी वाढतील. तरीही एक माल २४० ते ३२० च्या गटात जाईल आणि दुसरा १८० च्या आसपास राहील. वाफवणं, फोडणं, वाळवणं, मजुरी, वीज, सगळं सारखंच. विक्रीचा भाव मात्र वेगळा.

पण पोत्यात काय आहे?

इथे घाई करू नका. वाणाचे आकडे नीट निगा राखलेल्या झाडांवरून काढलेले असतात. बाजारातल्या पोत्यात चार बागांची बी मिसळलेली असू शकते. "वेंगुर्ला-७ आहे" असं कोणी म्हटलं की लगेच मान डोलवायची नाही. एक किलो बी घ्या आणि मोजा. शंभराच्या आसपास भरली तर मोठी, दीडशेच्या पुढे गेली तर लहान. मग तीच एक किलो बी फोडा, वाळवा, सोला आणि गर तोला. अख्खे किती, तुकडा किती, किडके किती, ते वहीत लिहा. या एका किलोच्या खर्चात तुमचे चार लाख वाचू शकतात.

संशोधन जिंकलं तरी बाजार वेगळा असतो

दुसरं उदाहरण आंब्याचं. हापूसमध्ये साका होतो. फळ बाहेरून सुंदर, कापलं की आत पांढरट, आंबट गर. वेंगुर्ल्याच्या केंद्राने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून 'रत्ना' हे वाण काढलं, १९८१ मध्ये. त्यात साका होत नाही. पुढे १९९२ मध्ये 'सिंधू' आलं, त्याची कोय अगदी पातळ.

तरीही सीझनला मार्केटयार्डात जाऊन उभे राहा. गिऱ्हाईक काय मागतं? हापूस! संशोधन फळातला दोष काढू शकतं, पण लोकांच्या मनातलं नाव बदलायला वेळ लागतो. रत्नाचा पल्प काढायचा असेल तर खुशाल काढा, पण रत्ना म्हणूनच विका. कोकणच्या पाच जिल्ह्यांतल्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. त्या नावाशी खेळ नको.

म्हणजे बी कशी आहे हे विद्यापीठ सांगेल. ती कोणाला आणि कितीला विकायची, हे आपणच शोधायचं.

या आठवड्याचा गृहपाठ

१. तुमच्या कच्च्या मालाचे कोणते वाण आहेत, ते लिहून काढा.
२. त्यांचे आकडे मिळवा. दापोली, राहुरी, अकोला, परभणी या चारही कृषी विद्यापीठांचं समन्वयन करणारी महाराष्ट्र कृषी शिक्षण व संशोधन परिषद आपल्या पुण्यातच आहे.
३. एक किलो माल आणून स्वतः चाचणी करा.
४. भुसार विभागात जाऊन प्रत्येक ग्रेडचा भाव विचारा. मगच मशीनचं कोटेशन मागवा.

ताईंनी दोन्हीकडची एकेक किलो बी आणून मोजली. स्वस्त बी १७५ भरली, महाग ११८. त्यांना दिवाळीचे गिफ्ट बॉक्स करायचे होते, म्हणून त्यांनी महाग बी घेतली. मिठाईवाल्यांना तुकडा पुरवायचा असता, तर कदाचित स्वस्त बीच बरोबर ठरली असती.

तुमचं गिऱ्हाईक कोण आहे, ते आधी ठरवा. भेटूया पुढच्या व्हिडिओत!