‘माहीत नाही’ या उत्तराचं काय करायचं?

स्त्रिया आणि पैशाचे व्यवहार या विषयावर सिनॉप्सिस लिहिणारे बरेच जण सध्या दिसतात. जुलै २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना सुरू झाली, दरमहा १,५०० रुपये थेट बाईच्या खात्यात यायला लागले, तेव्हापासून तर जास्तच. उद्दिष्टांमध्ये एक वाक्य ठरलेलं असतं: ‘महिलांचा आर्थिक आत्मविश्वास वाढवण्यासाठी उपाय सुचवणे’. पण तो आत्मविश्वास मोजायचा कसा? ही पोस्ट तेवढ्यापुरतीच आहे. त्यातही प्रश्नावलीतल्या एकाच पर्यायाबद्दल, जो आपण सवयीने शेवटी टाकतो: ‘माहीत नाही’.

आर्थिक साक्षरता मोजायला जगभर तीन प्रश्न वापरतात. ॲनामारिया लुसार्डी आणि ऑलिव्हिया मिचेल या दोघींनी ते तयार केले. एक व्याजाबद्दल, एक महागाईबद्दल, एक जोखीम विभागण्याबद्दल. व्याजाचा प्रश्न साधारण असा: खात्यात १०० आहेत, वर्षाला २ टक्के व्याज, काहीच काढलं नाही तर पाच वर्षांनी १०२ पेक्षा जास्त होतील, बरोबर १०२, की कमी? देश कुठलाही असो, बहुतेक ठिकाणी स्त्रियांचे गुण पुरुषांपेक्षा कमी येतात. आणि बहुतेक ठिकाणी स्त्रिया ‘माहीत नाही’ जास्त वेळा निवडतात. ही दुसरी गोष्ट बरेच जण तक्त्यात टाकून पुढे जातात.

नेदरलँड्समध्ये बुखर-कोनेन, अलेसी, लुसार्डी आणि व्हॅन रूइ यांनी तिथेच थांबून पाहिलं. त्यांचा ‘फिअरलेस वुमन’ हा निबंध २०२१ चा. त्यांनी त्याच लोकांना तेच प्रश्न दोनदा विचारले. पहिल्यांदा ‘माहीत नाही’ हा पर्याय ठेवून, काही आठवड्यांनी तो काढून, आणि सोबत ‘या उत्तराची तुम्हाला किती खात्री आहे?’ असंही विचारलं. पर्याय काढल्यावर आधी ‘माहीत नाही’ म्हणणाऱ्या अनेक जणींनी बरोबर उत्तर दिलं. त्यांच्या हिशोबाने स्त्री-पुरुषांमधल्या गुणांच्या फरकाचा सुमारे एक तृतीयांश भाग हा ज्ञानाचा नव्हताच, कमी आत्मविश्वासाचा होता. उरलेला फरक मात्र ज्ञानाचाच आहे, हेही विसरू नका. ‘बायकांना सगळं येतं, फक्त बोलत नाहीत’ असं उत्साहाने लिहून टाकाल, आणि व्हायव्हात अडकाल.

‘पर्याय काढला की लोक अंदाजाने ठोकतील ना?’ असं गाईड विचारणारच. बरोबर आहे. म्हणून एक साधं गणित जवळ ठेवा. समजा, १०० जणी आधी ‘माहीत नाही’ म्हणाल्या. तीन पर्यायांत सगळ्यांनी डोळे मिटून बोट ठेवलं असतं, तर ३३ च्या आसपास उत्तरं बरोबर आली असती. आली ६०. खरंच माहीत असलेल्या क्ष जणी धरल्या, तर क्ष अधिक उरलेल्यांचा एक तृतीयांश बरोबर ६०. म्हणजे क्ष ४०. चाळीस जणींना उत्तर येत होतं आणि त्यांनी स्वतःला अडाणी ठरवलं होतं. (आकडे समजण्यापुरते आहेत, कुठे उद्धृत करू नका!)

आता उरणकडे येऊ. जानेवारी २०२४ पासून लोकल थेट उरणपर्यंत जाते, त्यामुळे मुंबई-नवी मुंबईच्या विद्यार्थ्यांना हे क्षेत्र सोयीचं झालंय. करंजा, मोरा इथल्या कोळीवाड्यांत कामाची जुनी वाटणी अशी की पुरुष मासळी आणणार आणि बाई विकणार. म्हणजे भाव ठरवणं, उधारी लक्षात ठेवणं, उरलेला माल संध्याकाळी किती पाडून द्यायचा हे ठरवणं, हे सगळं तिचं. हीच बाई बँकेच्या फॉर्मसमोर किंवा आपल्या प्रश्नावलीसमोर म्हणते, ‘मला काय माहीत, ह्यांना विचारा.’ तुमच्या एक्सेलमध्ये तिथे शून्य पडतं.

दुसरीकडे याच तालुक्यात मोठा पैसा आला तो जमिनीचा. आधी नवी मुंबईसाठी, मग १९८९ मध्ये सुरू झालेल्या जेएनपीटी बंदरासाठी संपादन झालं. मोबदला सातबाऱ्यावर नाव असलेल्याला मिळतो, आणि सातबाऱ्यावर नाव बहुधा पुरुषाचं. महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत वारसाहक्क दिला, पण हक्कसोडपत्रावर सही करून मोकळ्या होणाऱ्या बहिणी कुठल्याही गावात भेटतील. रोजचा गल्ला तिच्या हातात आणि कागद दुसऱ्याच्या, अशी ही विभागणी आहे. ‘आर्थिक आत्मविश्वास’ असा एकच गुणांक काढलात तर ती दिसणारच नाही. रोखीचा वेगळा मोजा, कागदाचा वेगळा.

हा फरक महाराष्ट्रात एका बँकेच्या जन्मातच दिसलाय. साताऱ्यातल्या म्हसवडला चेतना सिन्हा यांनी बायकांची सहकारी बँक काढायचं ठरवलं, तेव्हा रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला, कारण अनेक प्रवर्तक अंगठा लावणाऱ्या होत्या. सिन्हा सांगतात, बायका लिहायला शिकल्याच, पण पुन्हा गेल्या तेव्हा अधिकाऱ्यांना म्हणाल्या की कुठल्याही मुद्दलाचं व्याज आम्हाला तोंडी विचारा, आणि तुमच्या साहेबांनाही कॅल्क्युलेटरशिवाय काढायला सांगा. १९९७ मध्ये माणदेशी महिला बँक सुरू झाली.

आपण मोजतो काय यावर उपाय ठरतो, म्हणून एवढं पाल्हाळ. ‘ज्ञान नाही’ असा निष्कर्ष आला की उपाय ठरलेला: प्रशिक्षण शिबिर, फोटो, नाश्ता. आणि ‘खातं नाही’ म्हटलं की खातं उघडा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार, स्वतः वापरत असलेलं बँक खातं असणाऱ्या स्त्रिया २०१५-१६ मध्ये ५३ टक्के होत्या, २०१९-२१ मध्ये ७८.६ टक्के. पण खातं पुरतं का? मध्य प्रदेशात फील्ड, पांडे, रिगोल, शॅनर आणि ट्रॉयर मूर यांनी हेच तपासलं (२०२१ मध्ये प्रसिद्ध). काही ग्रामपंचायतींत स्त्रियांना नुसती खाती दिली; काहींत त्यासोबत थोडं प्रशिक्षण आणि रोजगार हमीची मजुरी थेट त्या खात्यात. नुसतं खातं मिळालेल्यांपेक्षा या दुसऱ्या गटातल्या बायका जास्त कामावर गेल्या, अगदी सरकारी कामाबाहेरही. स्वतःची कमाई स्वतःच्या खात्यात आणि ते वापरता येणं, दोन्ही एकत्र लागलं.

तुमच्या पायलटसाठी माझी सूचना अशी. तीन प्रमाणित प्रश्न ठेवाच, नाहीतर तुलना करता येणार नाही. पण शेजारी भिशीचा एक प्रश्न घाला: दहा जणींची भिशी, दरमहा हजार रुपये, पहिल्या महिन्यात उचलणारीचा फायदा जास्त की शेवटी उचलणारीचा, आणि का? हा वेळ आणि व्याजाचाच प्रश्न आहे, फक्त तिच्या भाषेत. ‘माहीत नाही’ आलं तर ते नोंदवा, मग म्हणा, ‘ताई, अंदाजाने सांगा’, आणि ते उत्तर वेगळ्या रकान्यात लिहा. तिसऱ्या रकान्यात खात्री. चौथ्यात एवढंच, की उत्तर देताना शेजारी कोण बसलं होतं. बाजाराच्या वेळी जाऊ नका, बाजार आवरल्यावर जा.