जाम झालेला शाफ्ट आणि कालव्याचा चढ



हंगाम जवळ आला की तोडणी, टोळ्या, मुकादमाची उचल यांवर गावोगाव बोलणं सुरू होतं. ऊस वाहणाऱ्या गाडीबद्दल मात्र ती रस्त्यात बंद पडल्यावरच बोलायचं, असा आपला रिवाज आहे. आता ट्रॅक्टर-ट्रॉल्या पुष्कळ झाल्या, तरी काही सभासदांच्या दारात जुना ट्रक अजून उभा आहे. चार महिने पावसात भिजतो आणि दिवाळी झाली की एकदम दहा-बारा टन ऊस त्याच्या पाठीवर येतो. अशा गाडीचा एक भाग सगळ्यात दुर्लक्षित असतो. तो म्हणजे प्रोपेलर शाफ्ट, गिअरबॉक्सपासून मागच्या हाऊसिंगपर्यंत जाणारा फिरता दांडा. तो जाम झाल्यावर काय होतं हे मी स्वतः भोगलेलं आहे, आणि त्यात चूक दुसऱ्या कुणाची नव्हती, माझीच होती.

गोष्ट १९९७ च्या जानेवारीतली. माझ्याकडे तेव्हा जुनी घेतलेली टाटा १२१० होती. (या गाड्यांचं मूळ घराणं जमशेदपूरचं. १९५४ साली टाटांनी मर्सिडीज-बेन्झशी करार करून ट्रक बांधायला घेतले आणि १९६९ साली करार संपल्यावर ते नुसत्या टाटाच्या नावानं निघू लागले. जुने ड्रायव्हर पुढं कित्येक वर्षं गाडीला 'मर्सिडीज'च म्हणत.) जायकवाडीचा उजवा कालवा आपल्या तालुक्यातून माजलगावकडे जातो, हे सर्वांना माहीत आहे. त्या पाण्यानं आपल्याकडे ऊस वाढला, पण कालव्याच्या भरावावर चढायला जागोजाग उभे चढही झाले. भरलेली गाडी रानातून काढून अशा चढाला लावली, की दर क्लचला खालून 'टक्' असा आवाज यायचा. ड्रायव्हर आठ दिवसांपासून सांगत होता, "मालक, क्रॉस गेलाय, बघून घ्या." मी म्हणायचो, "ही खेप होऊ दे."

त्या दिवशी चढाच्या मध्यावर गाडी थरथरायला लागली. ड्रायव्हरनं थांबवली. मागचा क्रॉस इतका ढिला झाला होता, की हातानं शाफ्ट हलत होता. पुढं नेली तर शाफ्ट तुटून खाली पडणार. शाफ्टाचं पुढचं टोक धावत्या गाडीखाली जमिनीत रुतलं, तर गाडी उलटूही शकते. तेव्हा शाफ्ट तिथंच काढायचा ठरलं. हँडब्रेक नावालाच होता. मी म्हणालो, "पहिल्या गिअरात टाक, एका चाकाला धोंडा लाव, आन् घाल पोराला खाली."

किन्नर पोरगा सतरा-अठरा वर्षांचा. त्यानं मागच्या फ्लँजचे तीन बोल्ट काढले. चौथ्याचा नट निघाला, पण बोल्ट काही केल्या हलेना. आम्हाला वाटलं, गंजलाय. दिला घण. खरी गोष्ट अशी होती, की चढावर उभ्या असलेल्या भरल्या गाडीचं सगळं ओझं गिअरमधून शाफ्टावर आणि शाफ्टातून त्या एकट्या बोल्टावर आलं होतं. तिसऱ्या ठोक्याला बोल्ट सुटला आणि गाडी मागं निघाली. शाफ्ट सुटला म्हणजे गिअरचा आणि चाकांचा संबंध संपला, मग गाडी पहिल्या गिअरात असो की न्यूट्रलमध्ये, सारखंच. पोरानं पाय ओढून घेतला. चाक त्याच्या चपलेवरून गेलं. भरावाच्या दगडांच्या ढिगाला मागचं चाक अडकलं म्हणून गाडी थांबली, नाहीतर सरळ कालव्यात होती.

त्या चपलेकडे बघून मला रात्री जेवण गेलं नाही.

ऊस दुसऱ्या दिवशी ट्रॉल्यांत पलटी केला. तोडलेला ऊस चोवीस तासांत गव्हाणीत पडावा असं आपण म्हणतो. माझा पडला तिसऱ्या दिवशी. ऊस वाळला की वजन घटतं आणि आतली साखरही फुटते, त्यामुळं उतारा घसरतो. वजनाची तूट माझी एकट्याची, पण उताऱ्याची तूट सगळ्या सभासदांच्या भावात जाते. म्हणून हा विषय नुसता गाडीवाल्यांचा नाही.

रिकामी गाडी ओढून गेवराईत एका जुन्या मिस्त्रीकडे नेली. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. शाफ्ट खाली उतरवल्यावर त्यांनी आधी क्रॉस बघितलाच नाही. शाफ्टाचं सरकतं टोक धरून ओढून बघितलं. हललं नाही. "क्रॉस बिचारा कशानं मरंल? हे बसलंय म्हणून मेला," ते म्हणाले.

हे जरा समजून घेण्यासारखं आहे. गाडी भरली, खड्ड्यात गेली, की पाटे दबतात आणि मागचा दंडा पुढं-मागं सरकतो. म्हणजे गिअरबॉक्स आणि हाऊसिंग यांमधलं अंतर सारखं कमी-जास्त होतं. शाफ्ट एकसंध असता तर त्यानं दोन्हीकडची बेअरिंगं फोडली असती. म्हणून त्यात लांबट दात्यांचा सरकता जोड असतो. दात्यांचा दांडा दात्यांच्या नळीत आत-बाहेर होतो. त्यातलं ग्रीस वाळलं, आपली काळी माती आणि पाणी आत गेलं, गाडी पावसाळाभर एका जागी उभी राहिली, की तिथं गंज धरतो आणि जोड बसतो. मग प्रत्येक खड्ड्याचा धक्का क्रॉसवर, मधल्या हँगर बेअरिंगवर आणि गिअरबॉक्सवर. मी तोवर दोन वर्षांत तीन क्रॉस बदलले होते आणि दर वेळी क्रॉसच्या कंपनीला शिव्या दिल्या होत्या.

मी घण उचलला तसा उस्तादांनी हात धरला. शाफ्टाची नळी आतून पोकळ, पातळ पत्र्याची असते. तिला पोचा पडला की तोल गेला. नळीवर वेल्डिंगनं लावलेल्या लहान चकत्या दिसतात ना, त्या तोल साधण्यासाठी कारखान्यातूनच लावलेल्या असतात. ठोकाठोकीत एखादी उडाली तर गाडी वेगात आल्यावर थरथरते आणि कारण सापडत नाही. "मारू नका. भिजू द्या. सकाळी बोलंल ते," असं म्हणून त्यांनी जोडावर डिझेल आणि पातळ तेल सोडलं, वर चिंधी गुंडाळली आणि रात्रभर ठेवलं.

सकाळी आधी खुणा केल्या. नळीवर एक छिन्नीची रेघ, तिच्या समोर सरकत्या टोकावर दुसरी. हे काम शाफ्ट गाडीवर असतानाच करायचं, फ्लँजवरसुद्धा. ते का, हे पुढं सांगतो. मग ग्रीसच्या निपलला गन लावून जोरानं ग्रीस भरलं. जोडाचं बंद टोक शाबूत असेल तर ग्रीसचा दाबच आतला दांडा बाहेर ढकलतो. आमचा बोटभर सरकला आणि थांबला. मग डिझेल पुसून कोरडं केलं आणि फक्त बाहेरची नळी गॅसच्या टॉर्चनं सगळीकडून सारखी तापवली. लाल होईपर्यंत नाही, पाण्याचा थेंब टाकला तर चर्र वाजेल इतकीच. बाहेरचं लोखंड फुगतं, आतलं थंड राहतं, गंजाची पकड सुटते. डिझेल न पुसता टॉर्च लावला तर भडका होतो, आणि क्रॉसजवळ आग नेली तर त्यातली सुई-बेअरिंगं आणि सील कामातून जातात. एक टोक लिंबाच्या बुंध्याला साखळीनं बांधलं, दुसऱ्याला विहिरीवरची चेन-पुली लावली. ताण देऊन योकमध्ये पहार घातली आणि थोडं इकडं, थोडं तिकडं असं पिळत राहिलो. साखळीच्या रेषेत कुणाला उभं राहू दिलं नाही. तासाभरानं आवाज न करता जोड सुटला. आत ग्रीस नव्हतंच. लाल भुकटी होती.

दाते डिझेलनं आणि तारेच्या ब्रशनं साफ केले. दात्यांवर पायरी पडली असेल, बोटाला खाच लागत असेल, तर जोड बदलावा लागतो. आमचे दाते वाचले होते. क्रॉसच्या टोकांवर मात्र सुयांच्या खुणा उमटल्या होत्या, म्हणून नवा टाकला. बरेच जण जुना क्रॉस पाव फेरा फिरवून बसवतात. हंगामात अडचण असेल तर चार खेपा निघतात, पण तो इलाज नव्हे.

आता खुणांचं. क्रॉसच्या या जोडाला कार्डन जॉइंट म्हणतात, सोळाव्या शतकातल्या कार्डानो या इटालियन पंडिताच्या नावावरून. सतराव्या शतकात रॉबर्ट हूक यानं त्याचं गणित अभ्यासलं. एकटा क्रॉस वाकून फिरला, की पुढच्या शाफ्टाचा वेग एकसारखा राहत नाही. कोन वीस अंशांचा असेल आणि मागून शंभराचा वेग येत असेल, तर पुढं तो प्रत्येक फेऱ्यात दोनदा ९४ पर्यंत उतरतो आणि दोनदा १०६ पर्यंत चढतो. दुसरा क्रॉस हा चढउतार उलटा करून भरून काढतो, पण दोन्ही टोकांचे योक एका रेषेत असले तरच. एक दाता इकडंतिकडं बसला की हिशोब बिघडतो, गाडी गुरगुरते आणि नवा क्रॉसही लवकर खलास होतो. म्हणून रेघेला रेघ.

बसवताना ग्रीसचे निपल गन पोचेल अशा बाजूला यावेत. क्रॉसमध्ये ग्रीस भरताना चारही वाट्यांतून ताजं ग्रीस दिसलं पाहिजे. एखादीतून आलं नाही तर ती वाटी कोरडीच राहिली असं समजावं. फ्लँजला कडक पोलादाचे, मापाचेच बोल्ट आणि नवे नट. एक खेप झाली की पुन्हा पाना लावून बघावं.

ज्यांच्याकडे ट्रक नाही त्यांनीही रोटाव्हेटरचा शाफ्ट बघावा. तोच क्रॉस, तोच सरकता जोड, तोच गंज. तो मिनिटाला ५४० फेरे, म्हणजे सेकंदाला नऊ फेरे घेतो. त्यावरचं प्लॅस्टिकचं आवरण 'अडचण होते' म्हणून काढून टाकणारे आपल्यात बरेच आहेत. धोतराचा सोगा किंवा उपरण्याचं टोक त्यात गेलं तर हात सोडवायलाही वेळ मिळत नाही. ट्रॅक्टर बंद केल्याशिवाय त्याला हात लावू नये.

ट्रकवाल्यांनी हंगामात आठवड्याला एकदा आणि चिखलातून किंवा पाण्यातून गाडी गेली तर त्याच दिवशी ग्रीस भरावं. हंगाम संपल्यावर पाऊस लागण्याआधी सरकता जोड उघडून, साफ करून, भरून ठेवावा. गाडी मातीवर नको, मुरमावर उभी करावी आणि महिन्यातून एकदा पुढं-मागं हलवावी. शाफ्ट सोडायचा असेल तर सपाट जागेवर, गाडी रिकामी करून, सगळ्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओंडके लावूनच. शेवटचा बोल्ट काढण्याआधी शाफ्टाला दोर बांधून घ्यावा. आणि तो बोल्ट जड गेला तर घण घेण्यापूर्वी माणूस खालून बाहेर काढावा.

तो किन्नर पोरगा पुढं ड्रायव्हर झाला, आता त्याची स्वतःची गाडी आहे. त्याच्या केबिनमध्ये सीटमागं बाभळीचे चार ओंडके कायम असतात. मी एकदा विचारलं, "इतके कशाला रे?" तो हसला आणि म्हणाला, "मालक, तुमचा एकच धोंडा होता."