वैमानिकाचा पगार आणि यादीतला शेवटचा नंबर

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात नोकरी बदलली की पगार वाढतो, असा सर्वसाधारण अनुभव. म्हणूनच मंडळातल्या एका वैमानिक मुलाने रीजनल एअरलाइनचे ऑफर लेटर "काका, जरा बघता का?" म्हणून माझ्याकडे दिले, तेव्हा ते नीट कळायला मला दोन संध्याकाळी लागल्या.

रीजनल म्हणजे कोण? आपण छोट्या गावाला जाताना विमानावर ‘अमेरिकन ईगल’ लिहिलेले असते, पण ते चालवते एन्व्हॉय किंवा पीडमाँट अशी वेगळी कंपनी. पगाराचा करारही वेगळा.

वैमानिकाला पगार तासावर मिळतो, आणि तास मोजायचे ते बहुतेक ठिकाणी विमान गेटवरून हलल्यापासून पुढच्या गेटला लागेपर्यंत. विमानतळावर खोळंबलेले तास त्यात धरत नाहीत. महिन्याला साधारण ७५ तासांची हमी असते. म्हणजे ताशी ९० डॉलर असतील, तर वर्षाचे ८१,००० झाले. हे आकडे नवे आहेत बरं का! २००९ पूर्वी नवा सहवैमानिक वर्षाला वीस हजारांच्या आसपास मिळवत असे.

त्या वर्षी फेब्रुवारीत बफेलोजवळ कोलगन एअरचे विमान पडून ५० माणसे गेली. थकवा, तुटपुंजा पगार, दूरच्या गावाहून ड्यूटीवर येणे, सगळे चव्हाट्यावर आले. २०१० साली कायदा झाला आणि २०१३ पासून सहवैमानिकालाही सर्वसाधारणपणे १,५०० तासांची अट लागली. पूर्वी २५० तासांवर भागत असे. (त्या विमानातल्या दोघांचेही तास १,५०० हून जास्त होते, ही गोष्ट मला अजून खटकते.) वैमानिक कमी पडू लागले. २०२२ मध्ये एन्व्हॉय आणि पीडमाँटने पहिल्या वर्षाच्या सहवैमानिकाला, तात्पुरती वाढ धरून, ताशी ९० डॉलर देऊ केले, कॅप्टनला १४६.

अनुभवी माणसाला जास्त मागणी असण्याचे कारण निराळे. कॅप्टन होण्यासाठी एअरलाइनमधला, किंवा तत्सम मानला जाणारा, १,००० तासांचा अनुभव लागतो. मोठ्या कंपन्यांनी कॅप्टन उचलून नेले की रीजनलकडे उजवीकडच्या खुर्चीत बसणारे उरतात, डावीकडच्या खुर्चीत कोणी नाही. म्हणून मोठाले बोनस. मात्र ‘इतकी वर्षे राहिला नाहीत तर परत करा’ ही अट बारीक अक्षरांत असते.

खरी मेख आहे सीनियॉरिटीची. काही कंपन्या आधीच्या नोकरीची वर्षे पगारासाठी धरतात, पण यादीतला नंबर मात्र शेवटचाच मिळतो. कोणत्या शहरातून उडायचे, सुट्टी कधी, महिनाभर राखीव म्हणून फोनची वाट बघायची का, हे सारे त्या नंबरावर. आरोग्यविमा, ४०१(के), स्टँडबायवर फुकट प्रवास हे ठीकच. पण फुकट प्रवास विमानात जागा उरली तर. ड्यूटीच्या गावी वेळेवर पोचण्याची जबाबदारी त्याचीच.

त्याच्या बायकोने मला एकच प्रश्न विचारला, "काका, दिवाळीला हा घरी असेल का?" पहिली काही वर्षे बहुधा नाही, असे मी सांगितले. मुलगी तीन वर्षांची आहे.

वय ६५ ला एअरलाइनची खुर्ची सोडावी लागते आणि हा आज ४१ चा, म्हणजे २४ वर्षे हाताशी. नंबर जितका लवकर पडेल तितका बरा, असे त्याचे गणित, आणि ते चूक नाही. फक्त बोनस परतफेडीची मुदत आणि ड्यूटीचे गाव या दोन गोष्टी सहीआधी लेखी मागून घे, एवढे मी त्याला सांगितले. पत्र गेले आहे. उत्तर यायचे आहे.