रीळ बदलतं, मशीन थांबत नाही

सकाळी चहासोबत पेपर उलगडलात आणि एखाद्या पानावर भलतीच आडवी पट्टी दिसली, असं कधी झालंय? कागदावर कागद चिकटलेला, मध्ये डबल साइड टेप, आणि नेमकी आपल्याला हवी ती बातमी त्याखाली अर्धी गायब!

अशा वेळी आपण काय करतो? 'काय ही छपाई' म्हणतो आणि पान उलटतो. मीही तेच करायचे. आता मात्र तसा अंक हाती लागला तर जपून ठेवीन. रात्री दोनच्या सुमारास, मशीन जोरात पळत असताना, संपत आलेलं रीळ आणि कोरं रीळ एकमेकांना जोडलं गेलं, त्याचा तो पुरावा असतो. खरं तर असा अंक तुमच्या घरी यायलाच नको. जोडाचे अंक बाजूला काढले जातात. एखादा निसटतो, इतकंच.

मास कॉमला आम्हाला इंट्रो कसा लिहायचा, हेडिंग कसं द्यायचं, सगळं शिकवलं. पण ती बातमी कागदावर उमटते कशी, हे एका लेक्चरमध्ये उरकलं. म्हणून इंटर्नशिपमध्ये एका रात्री एमआयडीसीतली एक प्रेस बघायला गेले. शाई, रंग, प्लेट्स बघायच्या होत्या. बघत राहिले ती रिळं.

आधी थोडं गणित

घाबरू नका, दहावीचंच आहे. न्यूजप्रिंटचं एक मीटर व्यासाचं रीळ घ्या. कागदाची जाडी साधारण ०.०७ मिलिमीटर. उलगडलं तर कागद भरतो जवळजवळ ११ किलोमीटर. चर्चगेटपासून रुळांवर अंथरत गेलात तर दादरच्या पुढे जाल! रुंदी ७० सेंटीमीटर धरली, तर वजन ३५० किलोच्या आसपास. मोठ्या मशीनवर याच्या दुप्पट रुंदीची आणि त्याहून जाडजूड रिळंही लागतात. ती टनभर वजनाची असू शकतात.

आता मशीन ताशी ३५ हजार अंक छापतंय असं समजा. प्रत्येक अंकाला साधारण ५५ सेंटीमीटर लांबीचा कागद लागतो. म्हणजे कागद ताशी १९ किलोमीटरनं पळतो, सेकंदाला पाच मीटरहून जास्त. ११ किलोमीटरचं रीळ ३५ मिनिटांत खल्लास!

एवढ्यावर भागत नाही. या रुंदीच्या एका रिळातून मोठ्या आकाराची चार पानं निघतात. सोळा पानांचा पेपर असेल तर एकाच वेळी चार रिळं चालू. एक लाख अंक काढायचे तर एकूण वीस रिळं, आणि पहिली चार सोडली तर सोळा बदल. प्रत्येक बदलाला मशीन पाच मिनिटं थांबवलं असं धरा. ऐंशी मिनिटं गेली की!

त्या ऐंशी मिनिटांचा आपल्याशी काय संबंध? आहे ना. पेपरच्या गाड्या ठरल्या वेळी सुटतात. छपाई लांबली तर संपादकीय विभागाला पानं तेवढी आधी सोडावी लागतात. गावाकडच्या डाक आवृत्तीत रात्रीच्या मॅचचा निकाल नसतो, म्हणून आपण चिडतो. त्यामागे अंतर असतंच, पण मशीन किती वेळ थांबतं हेही असतं. शिवाय थांबलेलं मशीन परत सुरू केलं की चार रंग एकमेकांवर नीट बसेपर्यंतचे अंक सरळ रद्दीत.

कागद भरणारी माणसं

रिळाआधी सुटे कागद होते. लंडनच्या 'द टाइम्स'नं १८१४ मध्ये वाफेवर चालणारं मशीन आणलं, ते ताशी ११०० कागद छापायचं. तेव्हा तो चमत्कार होता. पुढे मशीन वेगवान झाली, पण कागद एकेक करून हातानंच घालायचा. अमेरिकेत हो कंपनीच्या मोठ्या रोटरी मशीनला तर दहा-दहा जण नुसते कागद घालायला उभे राहायचे.

विल्यम बुलक या अमेरिकन माणसानं १८६३ मध्ये रिळावर चालणाऱ्या रोटरी मशीनचं पेटंट घेतलं. कागद आपोआप आत जाणार, दोन्ही बाजूंनी छापला जाणार, ताशी १२ हजारांपर्यंत. कागद घालणाऱ्यांची रांगच संपली.

याच बुलकचा शेवट कसा झाला माहितीये? १८६७ मध्ये फिलाडेल्फियातल्या 'पब्लिक लेजर' दैनिकासाठी तो आपलं मशीन बसवत होता. निसटलेला पट्टा पुलीवर चढवायला त्यानं पायानं ढकललं. पाय मशीनमध्ये सापडून चिरडला. गँगरीन झालं आणि पाय कापण्याच्या शस्त्रक्रियेत तो गेला. स्वतःच बनवलेल्या मशीननं घेतलेला बळी.

हे मुद्दाम सांगतेय. मशीनचा वेग आणि माणसाचं शरीर यांचं हे भांडण तेव्हापासूनचं आहे. आणि रीळ बदलणं ही त्या भांडणाची अगदी आवडती जागा.

दोन लोकल, एक टाकी

मशीन न थांबवता रीळ बदलायचं कसं? दोन रस्ते आहेत.

पहिला, पळतापळता जोडायचा. याला फ्लाइंग पेस्टर किंवा ऑटोपेस्टर म्हणतात. शेजारून दोन लोकल एकाच वेगानं धावत असतात, तेव्हा समोरच्या खिडकीतला चेहरा स्थिर दिसतो ना? अगदी तेच तत्त्व. फिरत्या स्टँडला दोन किंवा तीन हात असतात. एका हातावरचं रीळ चालू असतं, दुसऱ्यावर नवं चढवून ठेवतात. नव्याचं फाटकं-मळकं वरचं वेष्टण काढतात, कागदाचं टोक व्ही किंवा डब्ल्यूच्या आकारात कापतात आणि त्याला डबल साइड टेप लावतात. टेप नक्की कुठे आहे, हे सेन्सरला कळावं म्हणून एक खूणही करतात.

जुनं रीळ ठरावीक जाडीवर आलं की नव्याला फिरवून वेग देतात. मजा इथेच आहे. १२ सेंटीमीटरवर आलेलं जुनं रीळ सेकंदाला १४ वेळा गरगरत असतं, तर मीटरभराच्या नव्याला पावणेदोन फेऱ्याही पुरतात. फेऱ्या वेगळ्या, पण कडेचा वेग एकच! तो जुळला की एक ब्रश किंवा रोलर पळत्या कागदाला नव्या रिळावर दाबतो. टेप चिकटते, त्याच क्षणी सुरी जुना कागद कापते. झालं. जोड पुढे छापला जातो आणि शेवटी तो अंक बाजूला फेकला जातो. कोणी शिंकेल तेवढ्या वेळात सगळं आटपतं.

दुसरा रस्ता, थांबून जोडायचा, पण मशीनला कळू द्यायचं नाही. याला झीरो स्पीड स्प्लायसर म्हणतात. नळाचं पाणी गेलं तरी गच्चीवरच्या टाकीवर घर चालतं, तसं. इथं कागद बऱ्याच रोलरांवरून वर-खाली वर-खाली फिरवून साठवून ठेवलेला असतो. रीळ संपलं की ते थांबवतात आणि उभ्या कागदाला नवा कागद जोडतात. तोवर रोलर एकमेकांजवळ सरकतात आणि साठा मशीनला पुरवतात. आपल्या मशीनला पाच सेकंद टाकीवर ठेवायचं तर साधारण २७ मीटर कागद शिल्लक हवा. जोड झाला की नवं रीळ जरा जास्त वेगानं फिरून टाकी पुन्हा भरतं.

'थांबवायला अक्कल लागती'

मी गेले त्या प्रेसमध्ये ऑटोपेस्टर होता. जोड झाला तेव्हा मी दचकून बघत होते आणि शेजारचे काका शांतपणे पान लावत होते. काका मूळचे कोल्हापूरकडचे. वेब ऑफसेट मशीन बनवणाऱ्या मनुग्राफचे कारखाने तिथलेच, त्यामुळे गावातल्या पोरांना मशीनचं वेड असतंच, असं त्यांचं म्हणणं. रिळांवर त्यांची हयात गेली.

"बघायचं न्हाई बाळा, ऐकायचं," ते म्हणाले. "आवाज बदलला न्हाई, म्हंजे जोड बसला."

मग मला ते मागच्या बाजूला घेऊन गेले. तिथे रिळं उभी होती. गोडाऊनमधून क्लॅम्पची फोर्कलिफ्ट ती इथवर आणते. इथून स्टँडपर्यंतचे पंधरा-वीस पावलांचं अंतर? दोघं जण रीळ आडवं करून हातानं लोटत नेत होते.

"ढकलायला कुणीबी ढकलतं. थांबवायला अक्कल लागती," काका म्हणाले. विचार करा, ३५० किलोचं गोल रीळ गुळगुळीत फरशीवर एकदा सुटलं की त्याला थांबवणार कसं? पाय घातला तर पाय जाणार. काकांच्या उजव्या हाताची करंगळी अर्धीच आहे. जुन्या एका छापखान्यात, रीळ आणि स्टँडच्या मध्ये सापडली. त्या छापखान्याचं नाव त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

परतताना माझ्या डोक्यात हेच घोळत होतं. जिथे सेकंद वाचतात तिथे लाखोंचं यंत्र, आणि जिथे माणसाची कंबर वाचेल तिथे अजून हातच.

उपाय आहेत, आणि भारी नाहीत

कंबर वाचवणारी यंत्रंही कधीची आहेत. त्यातली बरीच साधी आहेत. फरशीत बसवलेले रूळ आणि त्यावरची बुटकी ट्रॉली, म्हणजे रीळ सुटून पळणार नाही. रुळांच्या वळणावर फिरतं टेबल, म्हणजे रीळ वळवायला पहार नको. रिळाच्या पोकळीत घालायचा जड लोखंडी शाफ्ट काढून दोन बाजूंनी आत जाऊन फुगणारे चक, म्हणजे शाफ्ट उचलायची गरजच नाही. जमिनीवरून रीळ आपोआप उचलणारे हायड्रॉलिक हात, म्हणजे चेन पुलीवर लटकत्या रिळाखाली कोणाला उभं राहावं लागत नाही.

न्यूयॉर्क टाइम्सचा कॉलेज पॉइंट भागातला छापखाना १९९७ मध्ये सुरू झाला. तिथे बिनड्रायव्हरच्या गाड्या रिळं उचलून मशीनपर्यंत नेतात. आपल्या तालुक्याच्या दैनिकाला ते परवडणार नाही, कबूल. पण रूळ आणि ट्रॉली?

बरं, यात नुसती माणुसकी नाही, धंदाही आहे. बराचसा न्यूजप्रिंट परदेशातून जहाजानं येतो. वाटेत रीळ आपटलं, क्लॅम्पनं जास्त आवळलं किंवा फरशीवर धाडकन पडलं, तर त्याचा गोल बिघडतो. असं रीळ फिरताना प्रत्येक फेरीला कागदाला हिसका देतं आणि मग कागद तुटतो. कडेला बारीकसा खडा रुतला तरी तेच. मागे हातानं लोटलेल्या रिळाची किंमत पुढे ऑटोपेस्टर मोजतो. म्हणजे माणसाला जपणारी ट्रॉली कागदालाही जपते.

कायद्यानं तरी हे कधीच ओळखलं होतं. १९४८ च्या कारखाने कायद्यात ३४ वं कलम होतं. इजा होईल इतकं जड ओझं कोणाकडूनही उचलून, वाहून किंवा हलवून घ्यायचं नाही, असं त्यात साफ म्हटलं होतं.

दुसरी बाजूही काकांनीच सांगितली. "आदी चार हेल्पर हुते. आटोमेटिक आलं, दोन ऱ्हायले. त्या दोघांची कंबर वाचली म्हणायचं, का बाकीच्या दोघांचं काम गेलं म्हणायचं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण माणसं कमी करताना ओझं तेवढंच ठेवलं, तर उरलेल्या दोघांच्या वाट्याला दुप्पट ओझं येतं, एवढं मात्र त्या रात्री समोर दिसत होतं.

म्हणून मेकॅनिकलवाल्यांनो, पॉलिटेक्निकवाल्यांनो, तुमच्यासाठी एक विषय देतेय. फायनल इयरला तोच तो सोलर कुकर आणि लाइन फॉलोअर रोबो करण्यापेक्षा गावातल्या छापखान्यात रात्री एक चक्कर मारा. छोट्या मशीनवर रीळ आजही मशीन थांबवून, हातानं चढवतात. ते चढवणाऱ्या माणसाला विचारा, कुठे दुखतं? मग त्या जागेसाठी काहीतरी बनवा. ३५० किलो, पंधरा पावलं, जागा कमी, बजेट त्याहून कमी. प्रॉब्लेम स्टेटमेंट तयार आहे.

आणि आपण बाकीचे? पुढच्या वेळी पेपरात तशी पट्टी सापडली तर लगेच फेकू नका. त्यावरून एकदा बोट फिरवा. जोड हाताला लागतो.